कनेक्टिकटची जुनी घड्याळे : इतिहास, पारख आणि संग्रह

आपल्या साताऱ्याच्या घरी आजोबांच्या वेळेपासून ‘ॲन्सोनिया’ नावाचे भिंतीवरचे टोल्यांचे घड्याळ आहे, आपण स्वतः न्यू जर्सीत राहता आणि तिथल्या जुन्या वस्तूंच्या दुकानांत त्याच तोंडवळ्याची घड्याळे आपल्याला वारंवार दिसतात. ती इतक्या संख्येने का सापडतात, संग्रह करायचा झाल्यास सुरुवात कोणत्या घड्याळापासून करावी, अस्सल कसे ओळखावे आणि घरचे घड्याळ तिकडे नेता येईल का, असे आपण विचारले आहे. या चारही प्रश्नांचे मूळ एकच आहे. एकोणिसाव्या शतकातली बहुसंख्य अमेरिकन घड्याळे कनेक्टिकट या एका लहानशा राज्यात, एकमेकांच्या जागी बसू शकतील अशा सुट्या भागांपासून, कारखान्यात तयार झाली. त्यामुळेच ती स्वस्त झाली आणि साताऱ्यापर्यंत पोहोचली. आणि त्यामुळेच एका घड्याळाचे यंत्र दुसऱ्याच्या पेटीत बसवणे कोणालाही सोपे झाले. म्हणून या क्षेत्रात संग्राहकाचे पहिले काम समोरच्या घड्याळाचे सगळे भाग मुळापासून एकमेकांचेच आहेत का, हे पाहण्याचे असते. घड्याळ दुर्मीळ आहे का, हा प्रश्न त्यानंतरचा. हे पाहता येण्यासाठी इतिहास माहीत असावा लागतो, म्हणून आधी तोच सांगतो.

अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत अमेरिकेत घड्याळ म्हणजे पुरुषभर उंचीचे, पितळी यंत्राचे, एका कारागिराने ग्राहकाच्या मागणीवरून केलेले उभे घड्याळ. ते सधन घरांतच असे. मॅसॅच्युसेट्समध्ये सायमन विलार्ड याने १८०२ साली भिंतीवरच्या आटोपशीर घड्याळाचे पेटंट घेतले. पुढे बँजो या तंतुवाद्यासारख्या त्याच्या आकारावरून त्याला बँजो घड्याळ हे नाव पडले. ते अतिशय सुबक आणि वेळेला चोख होते, पण कारागिराचीच वस्तू राहिले आणि महागच राहिले. खरा बदल झाला तो कनेक्टिकटच्या टेकड्यांत. १७७२ साली जन्मलेला इलाय टेरी हा डॅनियल बर्नॅप या नावाजलेल्या घड्याळजीकडे पितळी काम शिकला होता. परंतु पितळ महाग असल्यामुळे लाकडी चाकांची घड्याळेही तो करीत असे. १८०७ च्या सुमारास त्याने वॉटरबरीच्या एडवर्ड आणि लेव्हाय पोर्टर यांच्याशी तीन वर्षांत चार हजार लाकडी यंत्रे पुरवण्याचा करार केला. एक कारागीर वर्षाकाठी मोजकीच घड्याळे करू शकत असे, अशा काळात हा आकडा ऐकून लोकांनी त्याला वेड्यात काढले असेल तर नवल नाही. टेरीने पहिले वर्ष जवळजवळ संपूर्णपणे पाण्याच्या शक्तीवर चालणारी कापणी-यंत्रे आणि मापे तयार करण्यात घालवले आणि उरलेल्या काळात करार पुरा केला. ज्यांच्यामध्ये चाके बसतात त्या यंत्राच्या पट्ट्या ओकच्या, चाके चेरीच्या लाकडाची आणि बारीक दात्यांच्या दांड्या लॉरेलच्या असत. प्रत्येक चाक ठरावीक मापाला उतरत असल्यामुळे ते कोणत्याही यंत्रात बसे, आणि जुळवणी करणाऱ्याला कानस घेऊन प्रत्येक दात घासत बसावे लागत नसे. त्या वेळी त्याच्या हाताखाली असलेले सेथ थॉमस आणि सायलस होडली या दोघांनी १८१० मध्ये त्याचा कारखाना विकत घेतला आणि पुढे दोघेही स्वतंत्रपणे नावारूपाला आले.

टेरी तिथेच थांबला नाही. लांब लंबकाचे यंत्र घेणाऱ्याला उभी पेटी वेगळी करवून घ्यावी लागे. त्याऐवजी फळीवर ठेवता येईल असे, पेटीसह पूर्ण, तीस तास चालणारे घड्याळ त्याने तयार केले आणि १८१६ साली त्याचे पेटंट घेतले. दोन्ही बाजूंना वजने पेटीच्या पूर्ण उंचीतून खाली उतरतात, मधोमध आखूड लंबक हलतो, दोन कडांना सडपातळ खांब, माथ्यावर वळणदार नक्षी आणि दाराच्या खालच्या काचेवर मागच्या बाजूने रंगवलेले निसर्गचित्र, असे त्याचे रूप. संग्राहकांच्या बोलण्यात ते ‘पिलर अँड स्क्रोल’ म्हणून येते. फिरत्या विक्रेत्यांनी ही घड्याळे गाड्यांवर लादून दूरदूरच्या शेतकऱ्यांच्या दारापर्यंत नेली. माझ्या मते यंत्राने बनलेल्या घरगुती वस्तूंच्या इतिहासात या घड्याळाचे स्थान फार वरचे आहे, आणि पाहण्यासही इतके प्रमाणबद्ध घड्याळ अमेरिकेत पुन्हा क्वचितच झाले.

लाकडी यंत्राला एक मोठी मर्यादा होती. ओलाव्याने लाकूड फुगते आणि चाके अडकतात. त्यामुळे ही घड्याळे जहाजातून परदेशी पाठवता येत नसत. तो अडसर चॉन्सी जेरोमने दूर केला. १८३७ च्या आर्थिक मंदीत व्यवहार थंडावलेले असताना, प्रवासात असतानाच, लाकडी यंत्राच्या जागी पत्र्यातून ठोकून काढलेले स्वस्त पितळी यंत्र वापरण्याची कल्पना आपल्याला सुचली, असे त्याने आत्मवृत्तात लिहून ठेवले आहे. त्याचा भाऊ नोबल याने त्या यंत्राचे काम केले. शेजारच्या नॉगटक खोऱ्यात पितळी पत्रे लाटण्याच्या गिरण्या तेव्हा उभ्या राहत होत्या, हे या धंद्याचे मोठे भाग्य. पत्र्याची चाके दाबयंत्राने कापली जात आणि पट्ट्यांतून नको असलेला भाग काढून तेही पितळ वाचवले जाई. १८४२ मध्ये जेरोमने पहिली खेप इंग्लंडला पाठवली, तेव्हा बिलातली किंमत इतकी कमी होती, की ती मुद्दाम कमी दाखवली आहे असा संशय येऊन तिथल्या जकात अधिकाऱ्यांनी नियमाप्रमाणे सगळा माल त्याच किमतीत थोडी भर घालून स्वतःच विकत घेतला. जेरोमला रोख पैसे मिळाले आणि त्याने लगेच दुसरी खेप पाठवली. हीच किंमत खरी आहे हे सरकारच्या लक्षात आल्यावर घड्याळे बाजारात उतरली आणि अमेरिकन घड्याळांचा परदेशी व्यापार सुरू झाला. पुढे भारतातील बंदरांत जो माल उतरला, त्याचे मूळ इथे आहे. स्वतः जेरोमचा शेवट मात्र हलाखीत झाला. तमाशे आणि प्रदर्शने भरवणारा प्रसिद्ध पी. टी. बार्नम याच्या घड्याळ कंपनीशी झालेल्या व्यवहारानंतर १८५५-५६ मध्ये त्याची कंपनी बुडाली आणि १८६८ मध्ये तो गरिबीतच वारला. त्याचा कारखाना न्यू हेवन क्लॉक कंपनीकडे गेला.

शतकाच्या उत्तरार्धात सेथ थॉमस, ॲन्सोनिया, वॉटरबरी, न्यू हेवन, इंग्रॅम, गिल्बर्ट आणि वेल्च या कंपन्यांनी बाजार व्यापला. त्या प्रत्येकीचा इतिहास इथे सांगत बसत नाही. पारखीसाठी उपयोगी तेवढेच घेतो. आपल्या घड्याळावर नाव असलेली ॲन्सोनिया ही मुळात पितळाच्या धंद्यातून निघालेली कंपनी. अँसन फेल्प्स या पितळ व्यापाऱ्याने १८५१ मध्ये ती कनेक्टिकटमध्ये स्थापन केली आणि १८७० च्या दशकाच्या अखेरीस तिचे काम न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये हलले. तिथला नवा कारखाना १८८० मध्ये जळाला, तो लगेच पुन्हा बांधला गेला आणि त्यानंतरची काही दशके हा तिचा भरभराटीचा काळ होता. १९२९ च्या सुमारास तिची यंत्रसामग्री सोव्हिएत रशियाने विकत घेतली आणि कंपनी संपली. म्हणून यंत्रावर किंवा तबकडीवर ‘न्यूयॉर्क’ असेल, तर घड्याळ साधारण १८८० नंतरचे समजावे. तिची खूण म्हणजे वर्तुळात तिरका चौकोन आणि त्यात ‘ए’ हे अक्षर. यंत्राच्या पट्टीवर ठसवलेले साल पाहून अनेक जण फसतात. ते पेटंटचे साल असते. घड्याळ त्या सालाच्या आधीचे नाही एवढेच त्यावरून सिद्ध होते, आणि तोच ठसा पुढे वीस-वीस वर्षे वापरात राहिलेला आढळतो.

कालनिश्चितीसाठी सर्वांत भरवशाचा पुरावा म्हणजे पेटीच्या आत, पाठीच्या फळीला चिकटवलेला छापील कागद. त्यावर कंपनीचे नाव, गाव, चावी देण्याच्या सूचना आणि पुष्कळदा छापखान्याचा पत्ताही असतो. गावांची नावे बदलली असल्यामुळे तीही बोलतात. सेथ थॉमसचा कारखाना प्लिमथ हॉलो या वस्तीत होता. १८५९ मध्ये तो वारल्यानंतर, १८६० च्या दशकाच्या मध्यावर त्या वस्तीला त्याच्या सन्मानार्थ थॉमस्टन हे नाव मिळाले. कागदावर जुने नाव असेल तर घड्याळ त्याआधीचे. मात्र शिल्लक कागद काही काळ वापरले गेले असणार, हे धरून चालावे. जेरोमच्या कागदावर ब्रिस्टल असेल तर ते सामान्यतः १८४५ च्या आगीपूर्वीचे, आणि न्यू हेवन असेल तर त्या सुमारासचे किंवा नंतरचे. सेथ थॉमसच्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या घड्याळांवर पेटीच्या तळाला किंवा पाठीला शाईचा शिक्का असतो, त्यात साल उलटे आणि त्यापुढे महिन्याचे अक्षर असते : ‘९८८१ ई’ म्हणजे १८८९ चा मे महिना. हा शिक्का पुसट झालेला असतो, म्हणून विजेरी बाजूने तिरकी धरून पाहावा.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे सगळे भाग एकमेकांचेच आहेत का, हे कसे पाहावे. तबकडी सोडवून यंत्र उघडे करायला सांगावे. विक्रेता नकार देत असेल तर ते घड्याळ घेऊ नये. यंत्र ज्या फळीवर किंवा ठोकळ्यांवर बसवले आहे तिथे स्क्रूची रिकामी भोके आहेत का ते पाहावे. एखादे जास्तीचे भोक दुरुस्तीचे असू शकते. पण चार भोके एका वेगळ्याच चौकोनात असतील, तर त्या जागी पूर्वी दुसरे यंत्र होते हे निश्चित. शंभर वर्षे धूळ आणि प्रकाश यांपासून झाकलेल्या लाकडावर यंत्राच्या आकाराची फिकट छाया उमटलेली असते. ती छाया आणि समोरचे यंत्र जुळले पाहिजे. चावीची टोके तबकडीच्या भोकांच्या बरोबर मध्यभागी यायला हवीत. ती एका बाजूला सरकलेली असतील किंवा भोक कानशीने वाढवलेले असेल, तर तबकडी अथवा यंत्र यांपैकी एक बाहेरून आलेले आहे. लंबकाचे टोक खालच्या काचेच्या मोकळ्या भागात नीट दिसले पाहिजे आणि टोल्याची हातोडी गोल वळलेल्या तारेच्या योग्य जागी पडली पाहिजे. ही सगळी तपासणी दहा मिनिटांची आहे, आणि तेवढ्यात संशयास्पद मालातला बराचसा भाग बाजूला पडतो.

नंतर भिंग घेऊन पितळी पट्ट्यांतली भोके पाहावीत, ज्यांत चाकांच्या आसांची टोके फिरतात. स्प्रिंगचा दाब नेहमी एकाच दिशेने असल्यामुळे वर्षानुवर्षांच्या फिरण्याने भोक त्या दिशेला लांबट होते, चाके एकमेकांपासून दूर सरकतात आणि घड्याळ अधूनमधून थांबू लागते. पूर्वीच्या अनेक घड्याळजींनी यावर सोपा इलाज केला : भोकाभोवती टोच्याने खड्डे पाडून पितळ आत ढकलायचे. खड्ड्यांचे असे कडे दिसले, की ते यंत्र बरेच झिजले होते आणि त्यावर घाईची दुरुस्ती झाली आहे हे कळते. ते टाकाऊ नसते. भोक मूळ मध्यावर मोठे करून त्यात पितळी बुश, म्हणजे बारीक नळी, बसवला की यंत्र पुन्हा दीर्घकाळ चालते; मात्र हा खर्च किमतीतून वजा धरावा.

भारतात हीच घड्याळे पाहताना दोन गोष्टींचे भान हवे. पहिली म्हणजे, आपल्याकडच्या वाड्यांतून, शाळांतून आणि पेढ्यांवरून जी ‘अमेरिकन’ म्हणून ओळखली जातात, त्यांतली पुष्कळ जपानी आहेत. टोकियोची सेकोशा ही १८९२ मध्ये सुरू झालेली कंपनी आणि नागोयाचे कारखाने यांनी अष्टकोनी माथ्याचे, खाली लंबकाची पेटी असलेले अमेरिकन रूप जसेच्या तसे उचलले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी आशियाच्या बाजारात त्यांचा माल मोठ्या प्रमाणावर आला. ती नक्कल म्हणून कमी लेखू नये. त्यांचे काम चांगले आहे आणि त्यांचा स्वतंत्र संग्रह होऊ शकतो. फक्त अमेरिकन म्हणून जास्त पैसे मोजू नयेत. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. गेल्या काही दशकांत जुन्या बाजारांत नव्या सागवानी किंवा शिसवी पेटीत जुने वा नवे यंत्र घालून, तबकडीवर ‘ॲन्सोनिया’ छापून विकलेली घड्याळे खूप आहेत. मूळ अमेरिकन पेटीत सामान्यतः पाइनसारख्या हलक्या लाकडावर अक्रोड किंवा रोझवुडचा पातळ थर चिकटवलेला असतो, नाहीतर सबंध ओक असतो. पेटी जड सागवानाची असेल, आतून ताजे पॉलिश असेल आणि कागद मुळीच नसेल, तर तबकडीवरच्या नावाला काही अर्थ उरत नाही. आपल्या घरच्या घड्याळाचे नाव केवळ तबकडीवर आहे, की यंत्राच्या मागच्या पट्टीवर ती वर्तुळातली खूणही आहे, हे पाहून मला छायाचित्र पाठवावे.

सुरुवात कशापासून करावी, याबद्दल माझे मत ठाम आहे. विलार्डच्या बँजोपासून करू नये. त्याचे नाव नंतर रंगवलेली घड्याळे इतकी आहेत, की तिथे अनुभवी माणसालाही जपून पाऊल टाकावे लागते. आपण न्यू जर्सीत आहात, तर आधी ‘ओजी’ घ्यावे. सुमारे सव्वीस इंच उंचीची साधी आयताकृती पेटी, दाराभोवती एस अक्षरासारख्या वळणाची रुंद चौकट, दोन ओतीव लोखंडी वजने आणि तीस तासांचे पितळी यंत्र असे हे घड्याळ जवळजवळ सगळ्याच कंपन्यांनी लाखोंच्या संख्येने केले. ते आजही परवडते आणि त्यात सगळा इतिहास हाताशी येतो. मूळ कागद आणि मूळ चित्राची काच शाबूत असलेले, पेटीचा थर दोन ठिकाणी उडालेले ओजी हे नवी काच आणि चकचकीत पॉलिश असलेल्या ओजीपेक्षा नेहमी अधिक मोलाचे समजावे. काचेवरचा रंग सुटत असेल तर तो पुन्हा रंगवू नये, तसाच स्थिर करून ठेवावा. त्यानंतर ‘स्टीपल’ घ्यावे. चर्चच्या टोकदार मनोऱ्यांसारखे हे रूप इलायस इंग्रॅमने १८४० च्या दशकात रूढ केले. वजनांऐवजी स्प्रिंग आल्यामुळे पेटी लहान होऊ शकली. पोलादी स्प्रिंग स्वस्त होण्याआधी काही वर्षे कनेक्टिकटात पितळी स्प्रिंगा वापरल्या गेल्या. त्या मूळच्या असलेले स्टीपल मिळाले तर सोडू नये. काळ्या संगमरवरासारखी दिसणारी कपाटावरची घड्याळे शेवटी घ्यावीत. सेथ थॉमसच्या अशा पेट्यांवर ‘ॲडमंटाइन’ नावाचा सेल्युलॉइडचा थर असतो. त्याला थिनर लागला की तो विरघळतो आणि आगीजवळ पेट घेतो, म्हणून तो फक्त किंचित ओल्या फडक्याने पुसावा.

आपल्याला तिथे एक मोठी सोय आहे. ब्रिस्टल, कनेक्टिकट इथले अमेरिकन क्लॉक अँड वॉच म्युझियम आणि पेनसिल्व्हेनियातील कोलंबिया इथले राष्ट्रीय घड्याळ संग्राहक संघटनेचे संग्रहालय ही दोन्ही आपल्यापासून मोटारीच्या अंतरावर आहेत. ही संघटना १९४३ पासून काम करते आहे आणि तिच्या सभासदांच्या विक्री-मेळाव्यांत घड्याळे उघडून पाहण्यास कोणी हरकत घेत नाही. काही विकत घेण्याआधी अस्सल ओजी आणि स्टीपल पुष्कळ पाहून डोळा तयार करावा.

घड्याळ घरात आल्यानंतरच्या काही गोष्टी. अमेरिकन यंत्रांत टोले मोजण्यासाठी बहुधा कडेला वाढत्या अंतराने खाचा असलेले चाक असते. ते काट्यांकडे पाहून टोले देत नाही, फक्त पुढचा आकडा वाजवते. त्यामुळे काटे दाखवतात तीन आणि वाजतात सात, असे झाले तर यंत्र बिघडले असे समजू नये. मिनिटकाटा बारावर येऊन टोले पडले, की तो आठ-नऊच्या दरम्यान मागे न्यावा आणि पुन्हा बाराकडे आणावा. टोले जुळेपर्यंत असे करावे. घड्याळ चालताना ‘टिक’ आणि ‘टक’ यांतले अंतर सारखे ऐकू आले पाहिजे. ते लंगडत असेल तर पेटीखाली कागदाच्या घड्या सरकवण्यापेक्षा लंबकाला ढकलणारी तार किंचित वाकवून ठोका समान करून घ्यावा. तबकडीवर बाराच्या जवळ एक बारीक चौकोनी टोक असेल, तर ते दुतोंडी चावीच्या लहान बाजूने फिरवून घड्याळाची चाल जलद किंवा मंद करता येते. यंत्राला खोबरेल तेल किंवा शिलाई मशीनचे तेल घालू नये, आणि पिसाने रॉकेल लावण्याची जी जुनी सवय आपल्याकडे आहे तीही सोडावी. मळ जागेवरच राहतो आणि वाळल्यावर चिकट होतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे या यंत्रांतल्या स्प्रिंगा बहुतेक वेळा डबीत बंद नसतात, उघड्याच असतात. पूर्ण चावी दिलेली असताना यंत्राच्या पट्ट्या सोडवल्या, तर स्प्रिंग एका क्षणात उलगडते, चाकांचे दाते उडतात आणि बोटे कापली जातात. स्प्रिंगचा ताण हळूहळू उतरवल्याशिवाय कोणालाही यंत्र उघडू देऊ नये.

साताऱ्याचे घड्याळ तिकडे नेण्याबाबत घाई करू नये. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंवर आपल्याकडे १९७२ चा पुरावशेषविषयक कायदा लागू होऊ शकतो आणि त्याखाली येणारी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. वस्तू परदेशी बनावटीची आहे हे आपले म्हणणे विमानतळावर पुरेसे ठरत नाही. आधी त्याचा काळ निश्चित करून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कार्यालयाकडे लेखी विचारणा करावी आणि उत्तर हाती आल्यावरच पुढचा बेत ठरवावा. घड्याळ नेण्यास हरकत नाही असे उत्तर आले, तर लंबक काढून तो स्वतंत्र गुंडाळावा, टोल्याची हातोडी आणि तार यांच्यामध्ये मऊ कागदाची घडी ठेवावी, स्प्रिंगा उतरवून घ्याव्यात आणि चावी पेटीच्या आत सुटी न ठेवता आपल्याजवळ ठेवावी, कारण प्रवासात काच फुटते ती बहुतेक वेळा आत सुट्या राहिलेल्या लंबकाने किंवा चावीनेच.